पदवीवर सही कोणाची आणि जिमचं भाडं किती?
वाचकांचे प्रश्न : खेळ आणि फिटनेस व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण

खेळ आणि फिटनेस व्यवस्थापनातल्या पुढच्या शिक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

मी बी.कॉम. आहे. आमच्या मंडळाकडून कबड्डी खेळायचो, पण गुडघ्यामुळे आता खेळणं कमी झालं. खेळाच्याच क्षेत्रात राहायचं आहे. मास्टर ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट, एमबीए आणि पीजी डिप्लोमा अशी तीन माहितीपत्रकं आणली. तिन्हींत मजकूर जवळपास तोच आहे. मग फरक कशात? – एक वाचक, लालबाग

फरक पहिल्या पानावर सापडणार नाही. शेवटी हातात जो कागद पडतो त्यावर सही कोणाची, हे आधी विचारा. मास्टर ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट किंवा एमबीए ही पदवी आहे आणि पदवी फक्त विद्यापीठ किंवा आयआयएमसारखी कायद्याने अधिकार मिळालेली संस्था देऊ शकते. पीजीडीएम ही पदविका संस्था स्वतः देते. तिला एआयसीटीईची (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची) मान्यता असेल तर नोकरीच्या बाजारात ती चालते. तिसरा प्रकार म्हणजे एखाद्या खासगी अकादमीचा नुसताच ‘पीजी डिप्लोमा’. त्यामागे विद्यापीठही नसतं आणि एआयसीटीईही नसते. तिथलं शिक्षण वाईटच असतं असं नाही, पण पुढे पीएच.डी., नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) किंवा सरकारी जाहिरातीसाठी अर्ज करताना तो कागद मोजला जात नाही. ‘अमुक विद्यापीठाच्या सहकार्याने’ असं छापलेलं असेल तर गुणपत्रिकेचा नमुना मागा. सहकार्य आणि संलग्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुंबईत या विषयाला वाहिलेली संस्था म्हणजे माजी कसोटी फिरकीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये सुरू केलेली इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट. तिथले पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाशी जोडलेले आहेत. विद्याविहारला सोमैयाच्या व्यवस्थापन संस्थेत खेळ व्यवस्थापनाचं एमबीए आहे आणि पुण्याला सिम्बायोसिसच्या क्रीडाविज्ञान संस्थेतही. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर आयआयएम रोहतकची कार्यकारी पदविका आहे. प्रवेशाच्या वर्षी संलग्नता आणि मान्यता चालू आहे की नाही, हे विद्यापीठाच्या आणि एआयसीटीईच्या यादीत स्वतः बघा. संस्थेच्या समुपदेशकाच्या शब्दावर ते सोडू नका.

प्रवेशाची वाट सगळीकडे एक नाही. राज्याच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटं असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. खासगी विद्यापीठं कॅट, एनमॅट, सीईटी यांपैकी कोणते गुण धरतात ते वेगवेगळं असतं. विशेष अभ्यासक्रमांना बहुधा स्वतःची परीक्षा आणि मुलाखत असते. आणखी एक : तुमची पदवी तीन वर्षांची असेल तर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचंच धरा. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीतली एक वर्षाची पदव्युत्तर पदवी चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी आहे. तीन वर्षांच्या बी.कॉम.नंतर कोणी एका वर्षात ‘मास्टर्स’ देतो म्हणाला तर तिथून उठा.

प्रवेशाला अजून सात-आठ महिने आहेत. तोवर काय करू? – तेच वाचक

तुमच्या मंडळाची कबड्डी स्पर्धा असेल तर तिचं नियोजन अंगावर घ्या, आणि सगळं कागदावर ठेवा. मुलाखतीत ‘मला खेळाची आवड आहे’ हे सगळेच सांगतात. वेळापत्रक आणि जमाखर्च घेऊन येणारे थोडे असतात.

वेळापत्रकापासून सुरुवात करा. १६ संघ, बाद पद्धत म्हणजे १५ सामने. खेळ २०-२० मिनिटांचा, मध्यंतर ५ मिनिटं, त्यात टाइमआउट, मॅट पुसणं, पुढच्या संघाची नोंद. एका सामन्याला तासाभराचा पट्टा धरावाच लागतो. संध्याकाळी ५ ला सुरू केलं आणि ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद करायचा असेल, तर एका मैदानावर पाच सामने बसतात. म्हणजे तीन संध्याकाळी पुरे, असं वाटतं. इथेच चूक होते. तीन दिवसांत बसवलं की शेवटच्या संध्याकाळी दोन उपउपांत्य, दोन उपांत्य आणि अंतिम असे पाच सामने येतात, आणि एखाद्या संघाला एकाच संध्याकाळी तीन सामने खेळावे लागतात. तिसऱ्या सामन्यात पाय थकलेले असतात आणि घोटा, गुडघा तेव्हाच जातो. चार संध्याकाळी ४, ४, ४, ३ असे सामने लावा. अंतिम फेरीतले संघ त्या दिवशी दोनच सामने खेळतील आणि रोज एक तास हाताशी राहील.

तो तास लागतोच, कारण पहिला सामना ५ ला कधीच सुरू होत नाही. पाहुणे उशिरा येतात, सत्कार लांबतात. सत्कार पहिल्या सामन्याच्या मध्यंतरात आणि उरलेले दुसऱ्याच्या नंतर ठेवा, आणि हे पाहुण्यांना आदल्या दिवशी फोन करून सांगा. मॅट पुरुषांसाठी १३ बाय १०, महिलांसाठी १२ बाय ८ मीटर. भाड्याने घेताना जोड किती आणि कडेची चिकटपट्टी कोण आणणार, हे पावतीवर लिहून घ्या. पोलीस परवानगी, ध्वनिक्षेपकाची परवानगी, मैदान पालिकेचं असेल तर तिची परवानगी, मैदानाजवळ उभी रुग्णवाहिका आणि सार्वजनिक दायित्वाचा विमा. हा शेवटचा खर्च मंडळं पहिला कापतात. मांडव कोसळला किंवा प्रेक्षकाला लागलं तर मात्र तोच कामाला येतो.

जमाखर्चात देणगी आणि प्रायोजकत्व वेगळं लिहा. देणगीदाराला काही परत द्यायचं नसतं. प्रायोजकाला काय दिलं (फलक किती, कुठे, किती वेळा घोषणा) ते फोटोंसह चार पानांत बांधून स्पर्धेनंतर आठवड्याभरात त्याला नेऊन द्या. पुढच्या वर्षी तोच माणूस तुम्हाला स्वतःहून फोन करेल, आणि तीच चार पानं तुम्ही प्रवेशाच्या मुलाखतीला न्या.

मुलीला या विषयात शिकायचं आहे. फी बघून छाती दडपते. कर्ज काढावं का? पैसे वसूल होतील का? – एक आई, बोरिवली

ताई, आधी हिशेब मांडू. समजा ६ लाखांचं कर्ज, व्याज १०.५ टक्के, परतफेड ७ वर्षांत. हप्ता महिन्याला साधारण १०,१०० रुपये येतो. शिकत असतानाचं व्याज तेव्हाच भरत गेलात तर एवढा. ते साचू दिलंत तर मूळ रक्कमच फुगते आणि हप्ता वाढतो. पहिली नोकरी हातात २५ हजार देणारी मिळाली असं धरा : हप्ता जाऊन १५ हजारही राहत नाहीत. मुलगी घरी राहून बोरिवलीहून ये-जा करणार असेल तर जमतं. भाड्याने राहावं लागलं तर जमत नाही. या क्षेत्रात सुरुवातीची दोन-तीन वर्षं कमी पगाराची आणि शनिवार-रविवारी कामाची असतात, हे मुलीला आणि घरच्यांनाही आधीच माहीत हवं.

साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारच्या पतहमी योजनेखाली तारण लागत नाही. मात्र बँक अभ्यासक्रमाची मान्यता तपासते. बँकेने मान्यतेवरून कर्ज नाकारलं तर ती धोक्याची सूचना समजा. व्याजावरची प्राप्तिकर सवलत ८ वर्षं मिळते, पण जुन्या करपद्धतीतच.

संस्थेत गेलात की ‘सरासरी पगार किती’ हा प्रश्न विचारू नका. एका मुलाला मोठी नोकरी लागली की सरासरी चढते. गेल्या वर्षी वर्गात किती मुलं होती, त्यांतल्या किती जणांना खेळाशी संबंधित नोकरी लागली आणि मधल्या क्रमांकाच्या मुलाचा पगार किती, हे विचारा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’मध्ये विमा विकण्याच्या आणि शिकवण्यांची ॲप विकण्याच्या नोकऱ्याही मोजलेल्या असू शकतात. मग इंटर्नशिपचं विचारा : पत्र कोणत्या कंपनीच्या नावाने मिळतं, किती आठवडे, विद्यावेतन किती? स्पर्धेच्या दिवशी खुर्च्या लावायला पन्नास मुलं नेणं आणि दहा आठवडे एखाद्या संघाच्या तिकीट विभागात बसणं, दोन्हींना माहितीपत्रक इंटर्नशिपच म्हणतं. आदल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांशी, संस्थेने निवडून दिलेल्या नव्हे, स्वतः शोधून बोला.

आमचं मत विचाराल तर, या विषयासाठी मुंबईत राहणं हीच मोठी सवलत आहे. बीसीसीआयचं कार्यालय वानखेडेच्या आवारात आहे. खेळाचं प्रसारण करणाऱ्या, खेळाडूंचं काम बघणाऱ्या आणि स्पर्धा भरवणाऱ्या बऱ्याच कंपन्या इथे आहेत. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसारखी २००४ पासून चालत आलेली स्पर्धा घरच्या लोकलच्या अंतरावर आहे. मुलीला तिथे स्वयंसेवक म्हणून पाठवा, पण नुसता टी-शर्ट घालून परत येऊ नये. पाण्याचं एक टेबल तिने नीट बघावं. मिनिटाला १०० धावपटू येत असतील आणि एक स्वयंसेवक मिनिटाला १० पेले देऊ शकत असेल, तर द्यायलाच १० हात लागतात आणि भरायला जवळपास तेवढेच. सगळे धावपटू पहिल्याच टेबलापाशी थांबतात आणि तिथे गर्दी होते. म्हणून टेबलं लांब रांगेत लावून ‘पुढेही पाणी आहे’ अशी पाटी आधी लावावी लागते. असा तपशील टिपून आणणारी मुलगी दोन वर्षांत काय शिकायचं ते स्वतःच ठरवेल.

मी सहा वर्षं फिटनेस ट्रेनर आहे. वयाची तिशी जवळ आली. एक मास्टर्स करून जिम मॅनेजर व्हावं, की दुसरं एखादं प्रमाणपत्र घ्यावं, की थेट स्वतःची जिम काढावी? – एक वाचक, ठाणे

तीन प्रश्न वेगळे आहेत. प्रमाणपत्र प्रशिक्षकाचं कसब वाढवतं. खेळाडूंसोबत स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगचं, म्हणजे ताकद आणि शारीरिक तयारीचं, काम करायचं असेल तर अमेरिकेतल्या एनएससीए या संघटनेचं सीएससीएस हे प्रमाणपत्र जगभर मानलं जातं. त्याला पदवी आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचं) चालू प्रमाणपत्र लागतं. परीक्षेचे दोन भाग असतात, विज्ञानाचा आणि प्रत्यक्ष वापराचा, आणि दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावं लागतं. जिममधून आलेली मुलं विज्ञानाच्या भागात अडकू शकतात, कारण जिममध्ये वर्षानुवर्षं व्यायाम करून घेतलेला असतो पण स्नायूंची ऊर्जा कुठून येते हे परत वाचलेलं नसतं. आधी तोच भाग करा.

व्यवस्थापनाची पदवी याहून वेगळं शिकवते : भाडं, पगार, कर, सभासद टिकवणं. साखळी जिममध्ये क्लब मॅनेजरच्या वर जायचं असेल तर तिचा उपयोग होतो. स्वतःची जिम काढायची असेल तर पदवी लागत नाही, हिशेब लागतो. तो इथेच करून बघू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागाचे त्या जागी घाला.

जागा २,५०० चौरस फूट, भाडं फुटाला ८० रुपये, म्हणजे २ लाख. वीज ६० हजार. चार ट्रेनर, मॅनेजर, रिसेप्शन, सफाईचे दोघे मिळून पगार १ लाख ६९ हजार. देखभाल १५, जाहिरात २५, सॉफ्टवेअर-संगीत परवाना-पाणी वगैरे १६ हजार. यंत्रांसाठी ३० लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६७ हजार. बेरीज ५ लाख ५२ हजार. आता व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३६ हजार. एकूण ५ लाख ८८ हजार, दर महिन्याला.

इथे थोडं थांबा, कारण बरेच जण हेच विसरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. सभासदासाठी चांगलं झालं. पण ५ टक्क्यांच्या या दरात इनपुट क्रेडिट नाही. भाड्यावर आणि यंत्रांवर भरलेला कर तुम्हाला वळता करून घेता येत नाही, तो तुमचा खर्च होतो. दर बदलण्याआधीच्या हिशेबावरून नवी जिम काढाल तर इथेच फसाल.

जमेची बाजू : वर्षाची फी करासह १५ हजार ठेवली तर कर वजा जाता महिन्याला सभासदामागे १,१९० रुपये. ५ लाख ८८ हजार भागिले १,१९०, म्हणजे साधारण ४९५ सभासद हवेत, तेव्हा कुठे तोटा थांबतो. ४९५ पैकी दिवसाला चाळीस टक्के आले तर २०० जण, त्यांतले निम्मे संध्याकाळी ७ ते ९ मध्ये. प्रत्येक जण तासभर थांबतो, म्हणजे एका वेळी ५० माणसं २,५०० फुटांत. माणशी ५० फूट, त्यातच यंत्रं. एवढ्यात जागा गच्च भरते. म्हणजे जिम पूर्ण भरली तेव्हा तुम्ही फक्त शून्यावर आलात. हा धंदा ८० रुपये भाड्याला नुसत्या सभासदत्वावर चालत नाही. वैयक्तिक प्रशिक्षणाचे २५ ग्राहक महिन्याला ८ हजारांप्रमाणे मिळाले आणि निम्मं ट्रेनरला दिलं, तर कर वजा जाता जिमकडे ९५ हजारांच्या आसपास राहतात आणि गरज ४१५ सभासदांवर येते. किंवा मग भाडं खाली आणा : रस्त्याकडेच्या गाळ्याऐवजी गल्लीतला. जिमला रोज येणारा माणूस पाटी बघून येत नाही.

जिम बंद पडतात त्या बहुतेक वेळा सभासद नसल्यामुळे नाही. जानेवारीत वर्षाची फी एकदम जमा होते, मालकाला ती कमाई वाटते, मार्चपर्यंत ती नव्या यंत्रांत जाते, आणि सेवा मात्र डिसेंबरपर्यंत द्यायची असते. वर्षाच्या फीचा बारावा हिस्साच त्या महिन्याची कमाई धरा, बाकी वेगळ्या खात्यात ठेवा. हे एकदा अंगवळणी पडलं की अर्धं व्यवस्थापन आलं.

वरच्या मजल्यावर जागा घेणार असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र घ्या. राहत्या घराची लादी साधारण चौरस मीटरला २०० किलो भाराच्या हिशेबाने बांधलेली असते. डंबेलचा रॅक आणि खाली आपटणारा बारबेल तिच्यासाठी नाहीत. ट्रेडमिलला प्रत्येकी वेगळी विजेची लाइन लागते. एकाच लाइनवर तीन लावल्या की संध्याकाळी गर्दीच्या वेळी ब्रेकर पडतो आणि पट्ट्यावरचा माणूसही. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना पुरते, वीस झाले की नोंदणी. सोसायटीच्या इमारतीत असाल तर तिचं ना-हरकत पत्र भाडेकराराच्या आधी घ्या.

म्हणून तुम्हाला सल्ला असा : वर्षभर मॅनेजर किंवा सहायक म्हणून एखाद्या जिमच्या हिशेबाशेजारी बसा. सभासदत्वाच्या नूतनीकरणाचं प्रमाण रोज मोजा. त्यानंतरही मोठ्या साखळीत जावंसं वाटलं तर कार्यकारी पदविका घ्या. पूर्णवेळ दोन वर्षं बाहेर पडून मास्टर्स करणं तुमच्या टप्प्यावर महाग पडेल.

शाळेत पीटी शिक्षक होण्यासाठी खेळ व्यवस्थापनाचं एमबीए चालेल का? – एक वाचक, वडाळा

नाही. शाळेसाठी बी.पी.एड. लागतं, त्यापुढे एम.पी.एड., आणि दोन्ही एनसीटीई (केंद्राची शिक्षक-शिक्षण परिषद) मान्य हवेत. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो, त्यात मैदानी चाचणीही असते. तुमच्या वडाळ्यातच बीपीसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय आहे. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.पी.एड.नंतर शारीरिक शिक्षण विषयात नेट.

ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि खेळाचे प्रायोजक गेले असं वाचलं. अशा वेळी या क्षेत्रात शिरणं शहाणपणाचं आहे का? – एक वाचक, डोंबिवली

ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती बंद झाल्या. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम ११ गेलं आणि सप्टेंबरमध्ये त्या जागी अपोलो टायर्स आलं. मोठ्या जर्सीची जागा महिन्याभरात भरते. फटका बसतो तो लहान लीगना, ज्यांचा अर्धा पैसा एकाच प्रकारच्या कंपन्यांकडून येत होता. प्रायोजकत्वाच्या नोकरीत जाणाऱ्याने यातून एक शिकावं : एकाच धंद्यातून एक तृतीयांशापेक्षा जास्त रक्कम घेऊ नये.

त्याच महिन्यात राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. क्रीडा महासंघांसाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वादांसाठी न्यायाधिकरण आलं. महासंघांना हिशेब, निवडणुका, खेळाडूंच्या तक्रारी हे सगळं नीट कागदावर ठेवावं लागणार. हे काम चमकदार नाही, पण ते करणारी शिकलेली माणसं महासंघांकडे फार थोडी आहेत. वाणिज्य किंवा कायद्याची पदवी असलेल्यांनी तिकडे बघावं. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आहे, २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत. आज प्रवेश घेणारा तेव्हा कामाला लागलेला असेल.

मात्र पैसा कुठे आहे ते डोळे उघडे ठेवून बघा. २०२३ ते २७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे ९५१ कोटींना. बाकीचे खेळ याच्या खूप खाली आहेत. क्रिकेटमधल्या जागांसाठी झुंबड असते. कबड्डी, खो-खो, बॅडमिंटन, धावण्याच्या स्पर्धा इथे माणूस लवकर मोठी जबाबदारी पेलायला शिकतो.

परदेशात हा विषय शिकायला जावं का? – एक वाचक, मुलुंड

विषयाचा जन्म तिकडचा. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाने १९६६ मध्ये क्रीडा प्रशासनाची पहिली पदव्युत्तर पदवी सुरू केली. २००० पासून चालणारा फिफा मास्टर हा पदव्युत्तर अभ्यासक्रम लेस्टर, मिलान आणि नॉयशातेल या तीन ठिकाणी शिकवला जातो, आणि तिथे जागा मोजक्या असतात. शिक्षणाची प्रत चांगली आहे, पण खर्च वसूल व्हायला तिकडे काही काळ नोकरी करावी लागते, आणि अडचण तिथेच येते. अमेरिकेत पदवीनंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची. आणखी २४ महिने मिळतात ते एसटीईएम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या विषयांना, आणि खेळ व्यवस्थापन त्या यादीत नाही. अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड (अमेरिकेतला विषयाचा वर्गीकरण क्रमांक) विद्यापीठाला विचारा. तो ३१.०५०४ असेल तर बाराच महिने धरा. ब्रिटनमध्ये पदवी एका वर्षाची आहे, पण नंतर राहण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून त्या मुदतीसाठी अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांवर येते.

शिवाय क्लब आणि लीग तिकडच्या ओळखींवर माणसं घेतात. त्या ओळखी व्हायला एखादा हंगाम जातो. म्हणून इथे दोन-तीन वर्षं काम करून जा. तिकीट विक्रीचा किंवा मैदान व्यवस्थापनाचा अनुभव अर्जात असला की शिष्यवृत्तीलाही आधार मिळतो, आणि परत यावं लागलं तरी इथली माणसं तुम्हाला ओळखत असतात.